वीस मीटरच्या आत

जांबोटीच्या बाजूला असलेले आमचे वडिलोपार्जित घर वाटण्यांनंतर पाडायचे ठरले, तेव्हा मी टेप, पेन्सिल आणि वही घेऊन दोन रविवार तिथे घालवले. बेळगावच्या उद्यमबागेत तीसेक वर्षे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून धातू ओतण्याचा साचा घेतात तो नमुना, करण्याचे काम केल्यामुळे एखादी वस्तू हातातून जाण्यापूर्वी तिची मापे घेऊन ठेवण्याची सवय अंगात मुरलेली आहे. जांभ्या दगडाच्या भिंतींची जाडी, सोप्याची लांबी, माजघराच्या दाराची चौकट, वाशांमधले अंतर, मंगळुरी कौलांच्या ओळी हे सगळे वहीत उतरले. घर पावसाळ्याच्या आधी पाडले गेले आणि वही अनगोळच्या घरात कपाटात पडून राहिली. पुण्याला राहणाऱ्या भाच्याने एकदा ती चाळली आणि म्हणाला, "मामा, हे घर सेकंड लाईफमध्ये उभे करा. तिथे नुसते बघता येत नाही, आत जाऊन हिंडताही येते."

सेकंड लाईफ हे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने जून २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले आभासी जग आहे. त्याला खेळ म्हणणे मला पटत नाही, कारण तिथे गुण नाहीत, पातळ्या नाहीत आणि पार पाडण्यासाठी कोणी कामगिरीही देत नाही. २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौरस प्रदेशांची जोडणी करून ती भूमी तयार झाली आहे आणि तिच्यावरची घरे, झाडे, कपडे, फर्निचर यांपैकी जवळजवळ सगळे तिथे येणाऱ्या लोकांनीच घडवलेले आहे. खाते मोफत उघडता येते. आपल्या जागी तिथे वावरणाऱ्या आकृतीला अवतार म्हणतात आणि हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच घेतलेला असल्यामुळे मला तो समजावून घ्यावा लागला नाही. बाकी जवळजवळ सगळे समजावून घ्यावे लागले, आणि त्यातले फार थोडे कुठे लिहून ठेवलेले होते.

नाव नोंदवताच मला आडनाव मिळाले. २०१० पर्यंत नव्या माणसाला दिलेल्या यादीतून आडनाव निवडावे लागत असे; त्यानंतर मात्र एकच नाव घेणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे 'रेसिडेंट' हा शब्द आपोआप लागू लागला. रेसिडेंट म्हणजे रहिवासी. सीमाभागातल्या माणसाला या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. रहिवासी दाखल्यासाठी किती कागद, किती खेटे आणि कोणत्या भाषेतला अर्ज लागतो हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिथे तो शब्द पहिल्याच मिनिटाला मिळाला, आणि त्या जागेत वावरण्याची पात्रता अंगी यायला पुढचे चार महिने लागले.

पहिले काही दिवस दिसण्यातच गेले. मुलाच्या जुन्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. आत शिरलो की माझा अवतार आधी पांढऱ्या ढगासारखा दिसायचा, भोवतालच्या इमारती करड्या असायच्या आणि त्यांच्यावर रंग सावकाश चढत जायचे. वीज गेली, नेट अडखळले की पुन्हा ढगापासून सुरुवात. कितीतरी दिवसांनी कळले की आपल्याला किती अंतरापर्यंतचे दिसावे हे आपणच ठरवायचे असते. ते अंतर ६४ मीटरवर आणल्यावर लॅपटॉपचा पंखा शांत झाला आणि माझा अवतार भिंतीवर न आदळता चालू लागला. नवख्याला ही एक गोष्ट पहिल्या दिवशी कोणी सांगितली तर त्याचे अनेक दिवस वाचतील, असे मला आजही वाटते.

पण सगळ्यात अधिक सलली ती वेगळीच गोष्ट. एका मोठ्या चौकात पंधरावीस अवतार उभे असायचे. माझे इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरते आणि पत्र समजण्यापुरते आहे, तरी मी नीट जुळवून 'नमस्कार, मी इथे नवीन आहे, घर बांधायला कुठे शिकता येईल' अशा अर्थाचे वाक्य लिहिले. कोणीही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले, तरीही उत्तर नाही. त्या लोकांचे चेहरे मला जवळून स्पष्ट दिसत होते आणि ते आपापसांत बोलत असल्यासारखे हात हलवत होते, पण त्यांचे एक अक्षरही मला दिसत नव्हते. मी हे मनाला फार लावून घेतले. आमच्या कारखान्यात, म्हणजे शॉपमध्ये, साचे घालणारे मोल्डर कन्नड बोलतात, ओतलेले नग साफ करण्याच्या फेटलिंगला उत्तरेकडची मुले हिंदी बोलतात, आम्ही पॅटर्नवाले मराठी बोलतो आणि ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत असतात. चार भाषांच्या त्या गोंगाटातही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही असे कधी झालेले मला आठवत नाही. इथे मात्र माणसे समोर उभी राहून तोंड फिरवत आहेत, असे वाटले. पाचसहा दिवस मी आत गेलोच नाही.

खरे कारण मला नंतर एका ब्राझीलच्या माणसाकडून कळले. तोही नवाच होता, पण माझ्यापेक्षा महिनाभर जुना. तो पोर्तुगीजमध्ये लिहायचा आणि भाषांतराची सोय चालू ठेवायचा, त्यामुळे त्याची इंग्रजी वाक्ये थोडी वाकडी येत. माझीही तशीच असल्यामुळे आमचे चांगले जमले. त्याने सांगितले की तिथे साधे लिहिलेले बोलणे वीस मीटरपर्यंतच पोहोचते, कुजबुज दहा मीटरपर्यंत आणि ओरडणे शंभर मीटरपर्यंत. मी माझा कॅमेरा त्या लोकांच्या तोंडाजवळ नेत होतो आणि माझा अवतार मात्र चौकाच्या दुसऱ्या टोकाला, तीस-पस्तीस मीटरवर उभा होता. नजर तिथे पोहोचली म्हणजे आपणही पोहोचलो, ही माझी समजूत चुकीची होती. माझे बोलणे त्यांनी टाळले नव्हते. ते त्यांच्यापर्यंत गेलेच नव्हते, आणि त्यांचेही माझ्यापर्यंत आलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी अवतार चालवत त्या घोळक्याच्या मधोमध नेला, तेच वाक्य पुन्हा लिहिले, आणि दोन मिनिटांत तीन जणांनी मला तीन ठिकाणचे पत्ते दिले. त्या तिघांविषयी मी आठवडाभर मनात अढी धरून बसलो होतो, याची मला खरोखर लाज वाटली.

बोलणे सुरू झाल्यावर शब्द अडले. वस्तू जमिनीवर आणून ठेवण्याला तिथे 'रेझ करणे' म्हणतात, ज्या मूळ ठोकळ्यांपासून बांधकाम होते त्यांना 'प्रिम', आणि आपल्याजवळच्या सगळ्या सामानाच्या कोठाराला 'इन्व्हेंटरी'. हे शब्द माहीत असलेला माणूस ते सहज बोलून जातो आणि ऐकणारा गप्प राहतो. शॉपमध्ये नव्या पोराला 'याला दोन डिग्री ड्राफ्ट दे' असे सांगून मी कितीदा पुढे गेलो असेन. साच्यातून पॅटर्न सुटून यावा म्हणून त्याच्या बाजूंना उतार द्यावा लागतो, हे त्याला आधी कोणी सांगितले आहे का, याची चौकशी मी क्वचितच केली. त्या पोरांचे गोंधळलेले चेहरे मला त्या दिवसांत वारंवार आठवले. फुकट मिळालेले कपडे खोक्यात बंद येतात आणि ते खोके मोकळ्या जमिनीवर ठेवून उघडावे लागते, हे माहीत नसल्यामुळे मी ते अंगावर चढवण्याची आज्ञा दिली आणि संध्याकाळभर हातात खोके अडकवून हिंडलो. ते उतरवायचे कसे हे सांगणारी व्यक्ती भेटली, तेव्हा तिने एका ओळीत सांगितले आणि पुढे गेली.

नाव देवनागरीत दिसावे अशी इच्छा होती आणि तशी सोयही आहे. प्रदर्शित नाव कोणत्याही लिपीत ठेवता येते आणि सात दिवसांतून एकदा बदलता येते. मी ते मराठीत लिहिले. माझ्या पडद्यावर पहिल्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडलेली दिसली आणि जोडाक्षर सुटून पाय मोडलेले झाले. तरीही मी ते तसेच ठेवले आहे.

एकदा त्रासही झाला. बांधकामाचा सराव करताना कोणीतरी येऊन माझ्या अवताराला सारखे ढकलू लागला, इतके की मी त्या जमिनीच्या पार कडेला जाऊन पडलो. चिडून उत्तर लिहिले की तो आणखी चेव चढल्यासारखा करायचा. ब्राझीलच्या मित्राने उपाय सांगितला: कोणत्याही वस्तूवर बसायचे. बसलेल्या अवताराला ढकलता येत नाही. त्यानंतर मी आधी एक लाकडी स्टूल रेझ करून त्यावर बसायला आणि बसूनच काम करायला शिकलो. पॅटर्न शॉपमध्येही मी स्टुलावर बसूनच काम करतो, त्यामुळे ते मला परके वाटले नाही.

आता घराविषयी. ज्यांची स्वतःची जमीन नाही अशांना बांधण्याचा सराव करता यावा म्हणून तिथे 'सँडबॉक्स' नावाची सार्वजनिक मैदाने आहेत. ठोकळा, नळकांडे, प्रिझम, गोल असे मोजके आकार मिळतात. त्यांना कापता येते, पोकळ करता येते, एका टोकाला निमुळते करता येते, पिळता येते. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा त्या जागेविषयी आपुलकी वाटली, कारण सागवानाचे तुकडे जोडून पॅटर्न करणे म्हणजे याहून वेगळे काही नसते. चौथ्या दिवशी सोप्याच्या तिन्ही भिंती आणि माजघराची चौकट उभी राहिली. रात्री समाधानाने झोपलो आणि सकाळी पाहतो तर मैदान रिकामे. सँडबॉक्समध्ये ठेवलेली वस्तू ठरावीक तासांनी आपोआप मालकाकडे परत पाठवली जाते, म्हणजे दुसऱ्यांना जागा मोकळी होते. नियम योग्य आहे, पण तो मला माहीत नव्हता. एक घर आधीच पडलेले पाहिल्यामुळे असेल, त्या रिकाम्या जागेसमोर मी बराच वेळ काही न करता बसून राहिलो. दोन दिवसांनी इन्व्हेंटरीत 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचा कप्पा उघडला, तेव्हा माझ्या भिंती तिथे होत्या. फक्त मी तुकडे एकमेकांना जोडून ठेवले नव्हते, म्हणून ते सुटेसुटे परत आले होते आणि चाळीसपैकी प्रत्येकाचे नाव 'ऑब्जेक्ट' असे होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक तुकड्याला नाव देतो: सोपा-पूर्व भिंत, माजघर-चौकट-डावा खांब. पॅटर्नवर नंबर घातल्याशिवाय तो स्टोअरला जाऊ द्यायचा नाही, हे मीच इतरांना सांगत आलो होतो.

बांधकाम शिकवणाऱ्या एका स्वयंसेवी वर्गात मी नाव घातले. तिथली वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याप्रमाणे चालते. संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. नळाला पाणी येण्याची आणि माझी शॉपला निघण्याची वेळ तीच, पण घरातल्यांनी सांभाळून घेतले. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या आठवड्यात मी साडेसातला गेलो तर वर्गाच्या बाकांवर कोणीही नव्हते. पंधरा मिनिटे थांबून, वर्ग बंद पडला असे समजून मी बाहेर पडलो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात आणि आपल्याकडे तसे काही नसते, त्यामुळे मी एक तास आधी जाऊन परत आलो होतो. पुढच्या आठवड्यात साडेआठला गेलो, आणि त्यासाठी शॉपमध्ये उशिरा येण्याची परवानगी मागावी लागली.

वर्गाची शिक्षिका धीराची होती. माझे घर पाहून तिने एकच प्रश्न विचारला: "तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिलेत का?" मी गेलो नव्हतो. माजघराची चौकट वहीप्रमाणे ५ फूट ४ इंच, म्हणजे सुमारे १.६३ मीटर. माझा अवतार, तिथल्या बहुतेकांप्रमाणे, दोन मीटरच्या आसपास उंच. तो चौकटीतून जाईना. सोप्यात शिरलो तर अवताराच्या मागून पाहणारा कॅमेरा भिंतीच्या बाहेर गेला आणि मला माझ्याच घराची पाठ दिसू लागली, कारण सोपा दहा फूट रुंद आणि कॅमेरा मुळातच अवताराच्या काही मीटर मागे व थोडा वर असतो. शिक्षिकेने सांगितले की म्हणूनच तिथली घरे खऱ्या मापापेक्षा बरीच मोठी बांधतात, इतकी की दारे कितीतरी उंच आणि खोल्या सभागृहासारख्या असतात, आणि जुन्या माणसांना ते आता मोठे वाटेनासे झाले आहे.

हे ऐकल्यावर मला सगळे लख्ख दिसले. ओतकामात वितळलेले बीड साच्यात थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. पोलादाला त्याच्या दुप्पट धरावे लागते. म्हणून पॅटर्न हा नेहमी तयार होणाऱ्या वस्तूपेक्षा थोडा मोठा करतात. त्यासाठी आमच्याकडे श्रिंकेजची वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटरने लांब असतो. ती पट्टी साध्या पट्टीसारखीच दिसते, आणि नव्या पोराने चुकून ती उचलून साध्या कामाला लावली की काम वाया जाते. त्या जगाची पट्टीही निराळी होती. बोलण्याच्या अंतराची, वेळेची आणि उंचीचीही. तिथल्या लोकांच्या हाताला ती इतकी बसलेली होती की ती निराळी आहे हे सांगण्याचे कोणाच्या ध्यानात येत नव्हते, आणि मी घरून नेलेल्या साध्या पट्टीने मापत होतो. मी सव्वापट करून पाहिले, ते कमी पडले. दीडपटीला चौकट २.४४ मीटर झाली आणि अवतार सहज आत गेला.

भिंतींना जांभ्याचा रंग आणि पोत देण्यासाठी छायाचित्रे चढवावी लागतात आणि प्रत्येक छायाचित्राला तेव्हा दहा लिंडन डॉलर पडत. लिंडन डॉलर हे तिथले चलन. बरीच वर्षे एका अमेरिकी डॉलरला ते साधारण अडीचशे मिळत आले आहेत, तेव्हा रक्कम फार नाही. पण माझ्याजवळ एकही नव्हता आणि परदेशी व्यवहारासाठी कार्ड वापरायला मी धजत नव्हतो. वर्गाच्या शिक्षिकेने न मागता शंभर दिले. दहा छायाचित्रे. गावी शेजारचे एक तसेच जुने घर अजून उभे आहे. तिथे जाऊन मी जांभा, कौल, दाराची फळी, सारवलेली जमीन, वासा असे शेकडो फोटो काढले आणि त्यांतले दहा निवडायला मला दोन रात्री लागल्या. घराच्या दाराला लावलेली उघडझाप करणारी आज्ञावली दुसऱ्या कोणाची आहे. ती वापरायला परवानगी आहे, पण बदलायला किंवा कोणाला द्यायला नाही. तिथे प्रत्येक वस्तूवर ती घडवणाऱ्याचे नाव कायम राहते आणि वापरणाऱ्याला काय करता येईल हे तोच ठरवतो. गिऱ्हाइकाचा पॅटर्न आमच्या स्टोअरमध्ये वर्षानुवर्षे राहिला तरी तो गिऱ्हाइकाचाच असतो आणि त्यावरून दुसऱ्यासाठी एकही नग ओतायचा नसतो, या शिस्तीत वाढलेल्या मला तो नियम मनापासून पटला.

घर पूर्ण झाल्यावर वडगावहून अक्का आली होती, तिला मी लॅपटॉपवर दाखवले. सोपा पाहून तिने तोंडाला पदर लावला. मग अवतार माजघरात गेला तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, "चौकट एवढी उंच कुठली रे? आबा आत येताना मान वाकवून यायचे की."

मी तिला कॅमेऱ्याचे, अवताराच्या उंचीचे सगळे सांगितले. तिने ते लक्ष देऊन ऐकले आणि पुन्हा म्हणाली, "पण आबा वाकून यायचे."

त्यानंतर मी वहीतल्या मापाचे दुसरे घर केले. त्यासाठी अवताराची उंची कमी करून ती माझ्या स्वतःच्या उंचीइतकी आणली आणि कॅमेरा खाली घेऊन खांद्याजवळ आणला. जुनी माणसे हे करतात, फक्त ते विचारावे लागते. तरीही चौकटीत डोके लागते, कारण चालणारा अवतार आपोआप मान वाकवत नाही. ती हालचाल वेगळी बनवून घ्यावी लागते आणि ती मी सध्या शिकतो आहे. अक्काने या घरात एक चूक काढली. माजघरात चुलीच्या बाजूच्या भिंतीला दिवा ठेवायची दिवळी होती, ती मी वहीत घ्यायला विसरलो होतो. किती उंचीवर होती ते तिला फुटांत सांगता येईना. तेव्हा ती उठली, आमच्या अनगोळच्या घरातल्या भिंतीपाशी गेली, हात लांबवला आणि काडी ओढून वात लावतात तसा तो हवेत धरून उभी राहिली. "हितं," ती म्हणाली. मी जमिनीपासून टेप लावला. ३ फूट ११ इंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सँडबॉक्समध्ये घर पुन्हा मांडले, स्टुलावर बसलो आणि त्या मापावर भिंतीत दिवळी काढली.